चार भिंतींआडची छोटी तेरेजा



१ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा बाळ येशूच्या संत तेरेजेचा सण साजरा करते. तपकिरी झगा, त्यावर पांढरा अंगरखा आणि हातांत क्रूस व गुलाबाची फुले अशी तिची मूर्ती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. मूर्तीतली तेरेजा मंद हसत असते. त्यामुळे आपल्याला वाटते की तिचे आयुष्यही गुलाबासारखेच मऊ गेले असावे. मठात ना स्वयंपाकाची घाई, ना मुलांचे आजारपण, ना शेजाऱ्यांशी कटकट. प्रार्थना करायची आणि शांत राहायचे! आपण संसारी माणसे असे किती सहज बोलून जातो. म्हणून यंदा आम्ही तिच्या कृपादानांविषयी न लिहिता तिच्या मठातल्या रोजच्या दिवसाविषयी आणि तिथल्या सणांविषयी लिहायचे ठरवले आहे.

एक नाताळ

तेरेजेचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात, आलांसाँ या गावी झाला. वडील लुई मार्टिन घड्याळे दुरुस्त करीत, आई झेली लेस विणण्याचा व्यवसाय सांभाळीत असे. नऊ मुलांपैकी पाच मुली जगल्या, त्यांत ही सर्वांत धाकटी. ती साडेचार वर्षांची असताना आई स्तनाच्या कर्करोगाने देवाघरी गेली आणि कुटुंब लिझ्यू गावी मामाजवळ राहायला आले. तेरेजेने थोरली बहीण पोलीन हिलाच आई मानले. पण १८८२ साली पोलीनही गावातील कार्मेल मठात दाखल झाली. नऊ वर्षांच्या पोरीला दुसऱ्यांदा आई गेल्यासारखे झाले. ती हळवी झाली, आजारी पडली, शुल्लक कारणाने रडू लागली.

१८८६ चा नाताळ आला. मध्यरात्रीच्या मिस्साहून सर्व घरी आले. चुलीजवळ मुलांचे जोडे ठेवायचे आणि त्यांत भेटवस्तू भरायच्या अशी तिकडची रीत. तेरेजा आता जवळजवळ चौदा वर्षांची होती. थकलेल्या वडिलांनी हे सारे पुरे झाले, हे शेवटचेच वर्ष, अशा अर्थाचे काही उद्गार काढले आणि जिन्यावर असलेल्या तेरेजेच्या ते कानी पडले. एरवी तिने रडून सण नासवला असता. पण त्या रात्री तिने डोळे पुसले, खाली आली आणि हसत हसत एकेक भेट उघडू लागली. वडीलही आनंदले. आपले बालपण त्या रात्री संपले असे ती पुढे मानीत असे. स्वतःचे दुःख गिळून दुसऱ्याचा सण गोड करायचा, हा धडा तिला इथे मिळाला आणि तो तिला अखेरपर्यंत पुरला.

पुढच्या वर्षी ती वडिलांबरोबर रोमच्या यात्रेला गेली. तेथे पोप लिओ तेरावे यांच्या पायांशी बसून तिने पंधराव्या वर्षी मठात जाण्याची परवानगी मागितली. पहारेकऱ्यांना तिला उचलून बाजूला न्यावे लागले. शेवटी बिशपांची संमती मिळाली आणि ९ एप्रिल १८८८ रोजी ती मठाच्या दारातून आत गेली. त्यानंतर ती त्या दाराबाहेर कधीच आली नाही.

मठातला दिवस

लिझ्यूच्या मठात सुमारे पंचवीस भगिनी होत्या. उन्हाळ्यात पावणेपाचला उठायचे, हिवाळ्यात तासभर उशिरा. पाठोपाठ एक तास मूक मनन, मग स्तोत्रप्रार्थना आणि मिस्सा. नंतर काम. दुपारचे जेवण दहा वाजता, उपवासाच्या दिवसांत अकराला. मांस फक्त आजाऱ्याला. १४ सप्टेंबरच्या पवित्र क्रूसाच्या सणापासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत उपवासाचा नियम असे. जेवताना कोणी बोलत नसे, एक भगिनी मोठ्याने वाचन करी. संध्याकाळी पुन्हा एक तास मनन, रात्री नऊला पुन्हा स्तोत्रे, आणि अंथरुणाला पाठ टेकायला अकरा वाजत. अंथरूण पेंढ्याचे. कडाक्याच्या थंडीतही शेगडी एकाच खोलीत. आपल्याला मठात सर्वांत जास्त छळले ते थंडीने, हे तेरेजेने आयुष्याच्या शेवटी सांगितले.

दिवसातून दोनदा, जेवणानंतर, विरंगुळ्याचा तास असे. सर्वजणी शिवणकाम घेऊन त्या एका ऊबदार खोलीत जमत आणि गप्पा मारीत. एरवी कामापुरतेच बोलायचे. तेरेजेच्या बाबतीत हा नियम कठीण होता, कारण त्याच मठात पोलीन होती, दुसरी बहीण मरी होती, पुढे १८९४ मध्ये सेलीन आली आणि १८९५ मध्ये मामेबहीणही आली. रक्ताच्या चार माणसांबरोबर एका छताखाली राहायचे आणि मनमोकळे बोलायचे नाही! विरंगुळ्याच्या तासालाही तेरेजा आपल्या बहिणींना चिकटून बसत नसे. ज्या भगिनीशेजारी कोणी बसायला तयार नसे, तिच्याजवळ जाऊन ती बसे.

बंधुभगिनींनो, मठ म्हणजे काही देवदूतांची वस्ती नव्हे. कपडे धुताना समोरची भगिनी घाण पाण्याचे शिंतोडे तेरेजेच्या तोंडावर उडवी. मनन करताना मागे बसलेली एक भगिनी असा विचित्र आवाज करी की तेरेजेला घाम फुटे. एका भगिनीचे तर सारेच तिला नकोसे वाटे. तेरेजेने काय केले? त्या भगिनीला पाहिले की ती गोड हसे आणि तिच्या मदतीला धावे. इतकी की आपल्यात असे काय आहे म्हणून हिला आपण एवढ्या आवडतो, असे त्या भगिनीला कोडे पडले.

एक म्हातारी भगिनी संधिवाताने वाकली होती. संध्याकाळी तिला प्रार्थनेच्या जागेवरून जेवणघरात न्यायचे काम कोणालाच नको असे, कारण जोरात चालवले की ती रागावे आणि हळू चालवले तरी रागावे. तेरेजेने ते काम मागून घेतले. भाकरीचा तुकडा कापताना म्हातारीचे हात अडखळतात हे पाहून तो कापून द्यायची आणि निघताना तिच्याकडे पाहून हसायची. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी असे चालत असताना दुरून वाद्यांचा सूर तिच्या कानी आला. कुठेतरी दिव्यांनी उजळलेले दालन आणि भरजरी कपड्यांतल्या तरुणी असतील, असे चित्र तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. इकडे अंधारी पडवी आणि कण्हणारी म्हातारी. पण त्या मेजवानीच्या हजार वर्षांच्या बदल्यातही आपण ही दहा मिनिटे देणार नाही, असे तिला वाटले.

मठातले सण

अशा कठोर दिनक्रमात सणाचे मोल किती असेल! मठमातेच्या नामसंताचा दिवस हा मोठा सण. नाताळही तसाच. २९ जुलैला संत मार्थाचा सण येई. त्या दिवशी वर्षभर चुलीपुढे राबणाऱ्या भगिनींना सुटी मिळे आणि नवशिक्या मुली स्वयंपाक करीत. या सणांसाठी छोटी नाटके आणि गाणी लागत. ते काम हळूहळू तेरेजेकडे आले. मठात तिने अशी आठ नाटके लिहिली. एक तर खास संत मार्थाच्या दिवसासाठी, स्वयंपाकघरातल्या भगिनींच्या सन्मानार्थ होते. ती नकला छान करी, गोष्टी रंगवून सांगे. ती नसली की त्या दिवशी हसायला मिळणार नाही, असे भगिनी म्हणत.

२१ जानेवारी हा संत आग्नेसचा दिवस. पोलीन १८९३ मध्ये मठमाता झाली होती आणि तिचे मठातले नाव आग्नेस होते. १८९५ च्या या सणाला तेरेजेने जोन ऑफ आर्कवरील नाटक केले आणि जोनची भूमिका स्वतः केली. जोनला जाळण्याच्या प्रसंगासाठी स्पिरिटचे छोटे दिवे लावले होते. त्यांनी पडद्याला आग लागली, क्षणभर सर्वांची तारांबळ उडाली. जागेवरून हलू नकोस असा मठमातेचा आदेश होता, म्हणून तेरेजा तशीच उभी राहिली. आग विझली आणि नाटक पुढे चालले.

त्याच वर्षीच्या नाताळासाठी तिने वेगळी कल्पना काढली. गव्हाणीतला बाळ येशू भीक मागायला आला आहे. टोपलीत २६ चिठ्ठ्या, प्रत्येकीने एक उचलायची आणि देवदूताच्या वेशातील भगिनीने ती गाऊन दाखवायची. कोणाच्या चिठ्ठीत बाळासाठी दूध, कोणाच्या उशी, कोणाच्या खेळणे, मध, केक, तर कोणाच्या नुसते एक हसू. सर्वांत लहान वाटणारी भेटही देवाला हवी आहे, हे तेरेजेने उपदेश न करता सांगितले.

आणि जगभर गाजलेले तिचे पुस्तक? तेही सणाची भेटच. हिवाळ्यातल्या एका रात्री ती बहिणींना बालपणीच्या आठवणी सांगत होती. हे सारे हिला लिहायला सांग, असे मरीने पोलीनला सुचवले आणि पोलीनने तशी आज्ञा केली. फावल्या वेळात, शाळेच्या साध्या वहीत तेरेजा वर्षभर लिहीत राहिली आणि २० जानेवारी १८९६ च्या संध्याकाळी, सणाच्या आदल्या दिवशी, तिने गुडघे टेकून ती वही मठमातेच्या हाती दिली. पोलीनने ती बाजूला ठेवली आणि पुढे काही आठवडे उघडूनही पाहिली नाही. तेरेजेने एकदाही विचारले नाही.

हसऱ्या चेहऱ्यामागे

या आनंदामागे काय होते तेही सांगायला हवे. १० जानेवारी १८८९ रोजी तिने मठाचा पोशाख स्वीकारला. वडिलांनी तिचा हात धरून तिला वेदीकडे नेले आणि तिच्या मनासारखा बर्फही पडला. पण महिन्याभरातच वडिलांना काँ येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. मुली एकामागून एक मठात गेल्या म्हणून म्हाताऱ्याचे डोके फिरले, अशी कुजबूज गावात झाली. ते दुःख तिने कार्मेलच्या भिंतींआड पचवले. १८९४ मध्ये वडील वारले.

१८९६ च्या पवित्र गुरुवारच्या रात्री तिच्या तोंडातून प्रथम रक्त आले. तो क्षयरोग होता. त्यानंतर पुनरुत्थानाच्या काळातच तिच्या मनावर दाट काळोख पसरला. स्वर्ग आहे ही गोष्ट, जी तिला बालपणापासून सर्वांत गोड वाटे, तीच आता जाणवेनाशी झाली. श्रद्धा होती, पण तिचा आधार वाटत नव्हता. हा काळोख तिच्या मरणापर्यंत टिकला. मठात कोणाला याची फारशी कल्पना नव्हती, कारण ती पूर्वीसारखीच हसत होती, सणासाठी गाणी लिहीत होती.

याच काळात आणखी एक घाव बसला. दियाना वॉन नावाची एक स्त्री सैतानाची उपासना सोडून ख्रिस्ताकडे वळली, अशी बातमी फ्रान्सभर पसरली होती. तेरेजेने तिच्यावर आनंदाने नाटक लिहिले, तिला जोनच्या वेशातले आपले छायाचित्रही पाठवले गेले. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमध्ये लिओ ताक्सिल नावाच्या माणसाने जाहीर केले की अशी स्त्री नाहीच, हा सारा आपलाच बनाव. त्या सभेत तेरेजेचेच छायाचित्र पडद्यावर दाखवले गेले. सणासाठी काढलेले ते चित्र ख्रिस्तसभेच्या चेष्टेसाठी वापरले गेले! तेरेजेने दियानाचे आलेले पत्र फाडून उकिरड्यावर टाकले आणि ती आपल्या कामाला लागली.

तिचे शेवटचे नाटक ८ फेब्रुवारी १८९७ रोजी झाले. ते एका वृद्ध भगिनीच्या व्रतांच्या सुवर्णमहोत्सवासाठी लिहिले होते. जुलैमध्ये तिला मठातल्या आजाऱ्यांच्या खोलीत हलवले. ३० सप्टेंबर १८९७ च्या संध्याकाळी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तिने प्राण सोडला. हिच्याविषयी लिहिण्यासारखे काय आहे, असा प्रश्न मठातल्याच एका भगिनीला पडला होता. वर्षभराने ती वही आणि तिची इतर लिखाणे पुस्तकरूपाने आली. सुरुवातीला फक्त २००० प्रती छापल्या होत्या.

आपल्यासाठी

१९२५ मध्ये तेरेजा संत म्हणून घोषित झाली. १९२७ मध्ये पोप अकरावे पायस यांनी संत फ्रान्सिस झेवियरबरोबर तिला मिशनकार्याची आश्रयदाती नेमले. ज्याचे पवित्र अवशेष आपण गोव्याला जाऊन पाहतो तो झेवियर समुद्र ओलांडून जपानपर्यंत गेला, आणि ही नऊ वर्षे एका दाराबाहेर पडली नाही. तरी ख्रिस्तसभेने दोघांना एकाच रांगेत बसवले. १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची महापंडिता ठरवले. २०१५ मध्ये तिचे आईवडीलही संत झाले.

आम्हाला मात्र तिच्या सन्मानांपेक्षा ती चिठ्ठ्यांची टोपली अधिक आठवते. आपणही लवकरच नाताळच्या तयारीला लागू. गोठा बांधू, चांदणी टांगू, करंज्या तळू. तेव्हा थोडे थांबून पाहू या. आपल्या घरात सणाच्या दिवशी चुलीपाशी दिवसभर कोण उभे असते? तिला संत मार्थाची सुटी कोण देते? आपल्या कुटुंबात किंवा आपल्या आळीत असे कोण आहे, ज्याच्या शेजारी बसायला कोणी तयार नसते? आणि आपल्या अंतःकरणात काळोख असताना आपण इतरांचा सण नासवतो की गोड करतो?

बाळ येशूला उशी, मध आणि केक आपण देऊच. पण एखाद्याच्या वाट्याला नुसत्या हसूची चिठ्ठी आली, तर तीही कमी समजू नये.

बाळ येशूच्या संत तेरेजे, आमच्यासाठी विनंती कर.