सेगावातले मातीचे घर

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला जाणारा शहरी पाहुणा बंधारे, पाझर तलाव आणि हिरवी शिवारे पाहून झाली की यादवबाबांच्या मंदिराकडे वळतो. लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी १९७५ मध्ये गावाच्या कामाला आरंभ केला तो या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून. स्वतःसाठी घर न बांधता त्यांनी मुक्काम ठेवला तोही याच मंदिरातल्या एका लहान खोलीत. देवळाची लाकडेदेखील एके काळी दारूच्या भट्ट्यांत जळाली, अशी आठवण त्या गावात सांगितली जाते. गाव बदलू पाहणाऱ्याने आधी त्या गावात कुठे आणि कसे राहावे, हा प्रश्न त्यापूर्वी चाळीस वर्षे महात्मा गांधींनी स्वतःला घातला होता. त्याचे उत्तर विदर्भात, वर्ध्यापासून सुमारे पाच मैलांवरच्या सेगाव नावाच्या खेड्यात मातीच्या भिंतींनी उभे राहिले.

गांधीजींच्या चरित्रात सत्याग्रहांची आणि उपवासांची मोजदाद होते, घरांची फारशी होत नाही. वास्तविक आयुष्यात त्यांनी जितक्या वेळा भरले घर मोडून नवे मांडले, तितके एखाद्या बदलीच्या नोकरीतल्या माणसानेही मांडले नसेल. १९०४ मध्ये रस्किनचे पुस्तक रेल्वेच्या एका रात्रीच्या प्रवासात वाचून ते अस्वस्थ झाले आणि डर्बनजवळ फिनिक्स येथे शंभर एकर जमीन घेऊन शेतावर राहण्याचा निर्णय त्यांनी घेतला. जमिनीवर गवत माजलेले, सापांचा सुळसुळाट. पहिले दिवस सर्वांनी तंबूत काढले. पारशी रुस्तमजींनी दिलेल्या जुन्या पत्र्यांतून छापखान्याची शेड महिन्याभरात उभी राहिली. राहण्याची घरे मात्र शेतकऱ्याच्या घरासारखी मातीची, गवताने शाकारलेली असावीत, अशी गांधीजींची इच्छा होती. ते जमले नाही. त्या मुलखात मातीचे घर महाग पडत होते आणि वेळही खात होते. नाइलाजाने घरेही पत्र्याचीच झाली. १९१० मध्ये जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर टॉलस्टॉय फार्म उभारला गेला. जमीन दिली ती गांधीजींचे मित्र हर्मन कॅलेनबाख यांनी. ते स्वतः वास्तुरचनाकार होते, तरीही तिथली घरे लाकडाची आणि पत्र्याचीच झाली. मातीच्या घराची इच्छा मनात राहिली ती तीस वर्षे.

१९३० मध्ये दांडीला निघताना स्वराज्य मिळाल्याखेरीज साबरमतीला परतणार नाही, असा निश्चय गांधीजींनी केला होता. १९३३ मध्ये तो आश्रमच विसर्जित झाला. त्याच वर्षी जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून ते वर्ध्याला आले. १९३४ च्या अखेरीस काँग्रेसचे सदस्यत्व सोडून त्यांनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना केली. जमनालालजींनी संघासाठी आपली बाग आणि इमारत दिली, तिचे नाव मगनवाडी पडले. घाणीचे तेल, हातसडीचे तांदूळ, गूळ, हातकागद यांचे प्रयोग तिथे सुरू झाले. परंतु वर्धा हे शहर होते, रेल्वेचे जंक्शन होते. शहरात बसून खेड्यातल्या माणसाला कसे जगावे हे सांगण्यातली विसंगती इतरांच्या आधी स्वतः गांधीजींनाच बोचू लागली.

या टप्प्यावर मीराबहेन यांचा प्रवेश होतो. ब्रिटिश नौदलातील अॅडमिरल स्लेड यांची ही कन्या १९२५ मध्ये साबरमतीला आली आणि मॅडेलिनची मीरा झाली. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी गावात त्या रस्त्यांवरची घाण उचलत, आरोग्याचे पाठ देत. पुढे त्या आणखी आत, सेगावला जाऊन राहिल्या. गावची वस्ती जेमतेम सहाशेची, त्यात मोठा वाटा अस्पृश्य मानलेल्यांचा. धड रस्ता नाही, टपाल नाही, पावसाळ्यात गुडघाभर काळा चिखल आणि पाठोपाठ हिवताप. जमनालालजींची तिथे मालगुजारी होती, एवढाच काय तो बाहेरच्या जगाशी संबंध.

गांधीजींनी सेगावला जायचे ठरवले, तेव्हा त्यांच्याभोवतीच्या बहुतेकांना ते रुचले नाही. १९३५ च्या डिसेंबरात त्यांची प्रकृती रक्तदाबाने ढासळली होती. सहासष्ट वर्षांच्या, नुकत्याच आजारातून उठलेल्या माणसाने डॉक्टर आणि तारघर यांपासून दूर जाऊन राहावे, हे कोणाला पटणार? पण त्यांचा निश्चय ढळला नाही. ३० एप्रिल १९३६ रोजी, विदर्भाच्या ऐन उन्हाळ्यात, ते पायी सेगावला आले आणि पेरूच्या झाडाखाली तात्पुरत्या निवाऱ्यात उतरले. गावकऱ्यांना एकत्र बोलावून त्यांनी आपला हेतू सांगितला आणि अस्पृश्यता मानणार नाही, हेही सांगून टाकले. गावातल्या एका वृद्ध पाटलाने त्यांचे स्वागत केले, आणि त्याच वेळी अस्पृश्यांच्या बाबतीत आपण साथ देऊ शकणार नाही, असेही सांगितले. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. महात्मा गावात आला म्हणून गाव एका दिवसात बदलले, असे काही झाले नाही. गावाने आपली अट पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितली आणि गांधीजींनी ती ऐकून घेऊनही तिथेच घर बांधायला घेतले.

घराबद्दलच्या त्यांच्या अटी थोड्या पण कडक होत्या. साहित्य परिसरातलेच, कामाला हात गावातलेच, आणि खर्च ठरवून दिलेल्या रकमेच्या आत. गावच्या शेतकऱ्याला परवडणार नाही असे काही त्यात असू नये, हा त्यामागचा विचार. नंतर ते मे महिन्यात विश्रांतीसाठी म्हैसूर संस्थानातील नंदी टेकडीवर गेले आणि बांधकामाचा भार मीराबहेनवर पडला. बांबू, माती, वासे आणि कौले जमवायची, मजुरांना कामाला लावायचे आणि मृग बरसण्याआधी छप्पर चढवायचे, अशी ती शर्यत होती. मातीचे घर बांधलेल्या कोणालाही हे कळेल. भिंत थराथराने चढवावी लागते, खालचा थर सुकल्याखेरीज वरचा घालता येत नाही, आणि कौले चढण्याआधी वळीव कोसळला तर आठवड्याची मेहनत पाण्याबरोबर अंगणात वाहून जाते. टेकडीवरून गांधीजींची पत्रे येत आणि मीराबहेनचा अहवाल तिकडे जाई. आपले घर उभे राहताना त्यांनी पाहिले ते बरेचसे असे टपालातून.

या घराच्या पायात एक दुःखही गाडलेले आहे. गांधीजी सेगावात राहायला आले तर मीराबहेननी तिथे राहू नये, दुसरे गाव पाहावे, असे ठरले होते. दोघांनी एकाच ठिकाणी राहिले तर मीराबहेनचे स्वतंत्र काम उभे राहणार नाही, त्या आपल्याच सेवेत गुंततील, असे गांधीजींना वाटे. ज्यांच्यासाठी देश सोडला त्यांचे घर स्वतःच्या देखरेखीखाली बांधायचे आणि ते पुरे झाले की आपण निघायचे, हे त्या बाईंनी स्वीकारले. शेजारच्या वरोडा गावच्या माळावर त्यांनी स्वतःसाठी झोपडी उभारली. गांधीजींच्या त्यागाची थोरवी गाताना त्यांच्याभोवतीच्या माणसांनी केलेल्या अशा त्यागांची नोंद आपण ओझरतीच घेतो.

१६ जून १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून सेगावला निघाले तेव्हा पाऊस कोसळत होता. बैलगाडी चिखलात रुतावी अशी वाट. ते काठी टेकत, भिजत चालत आले आणि नव्या घरात शिरले. या घराला पुढे आदिनिवास हे नाव मिळाले. घर म्हणजे एकच लांबट दालन आणि भोवती पडवी. त्यात गांधीजी एका कोपऱ्यात, कस्तुरबा दुसऱ्या कोपऱ्यात, उरलेल्या जागेत सहकारी आणि पाहुणे. एकटे राहण्यासाठी आलेल्या गांधीजींना एकटेपणा काही लाभला नाही. तुरुंगातून सुटलेले आणि सरहद्द प्रांतात प्रवेशबंदी झालेले खान अब्दुल गफारखान त्या वर्षी तिथेच राहिले, तुकडोजी महाराजही येऊन राहिले. आश्रम काढायचा नाही असे ठरवून आलेल्या माणसाभोवती न काढलेला आश्रम वाढत गेला.

महादेवभाई देसाई मगनवाडीतच राहत होते. हरिजन साप्ताहिकाचे लेख आणि टपाल घेऊन ते रोज पायी सेगावला येत आणि परत जात. उन्हातान्हातली ही जवळपास अकरा मैलांची चाल त्यांच्या प्रकृतीवर परिणाम केल्यावाचून राहिली नाही. पावसाळा संपताना, सप्टेंबरात, स्वतः गांधीजींना हिवतापाने गाठले आणि त्यांना वर्ध्याच्या सरकारी रुग्णालयात हलवावे लागले. ज्यांनी आधीच धोक्याची सूचना दिली होती, त्यांचे म्हणणे खरे ठरले. बरे होताच ते पुन्हा सेगावला परतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. नंदलाल बोस यांनी त्याची सजावट बांबू आणि स्थानिक साहित्यातून केली. सेगावातल्या घराचा विचारच तिथे मोठ्या आकारात उभा राहिला, असे म्हणता येईल.

कस्तुरबांची त्या एकाच दालनात फार ओढाताण होई. पुरुषांच्या गर्दीत ना आडोसा, ना क्षणाची सवड. हे ओळखले जमनालालजींनी, आणि त्यांनी बांसाठी वेगळी झोपडी बांधून दिली. खेड्यातल्या घरातही बाईला एक कोपरा तरी आपला असतो. जगाच्या कानाकोपऱ्यातली दुःखे जाणणाऱ्या नवऱ्याच्या हे आधी ध्यानात आले नसावे, याचे आश्चर्य वाटते.

इकडे वरोड्याच्या माळावर मीराबहेन विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या आणि त्यांना सेगावला परत आणावे लागले. त्यांनी आपल्यासाठी तिथे पुन्हा एक लहान घर बांधले. गावातल्या मुलांना तिथे त्या पिंजण आणि कताई शिकवीत. भिंतीच्या ओल्या मातीत त्यांनी हातांनी ताडाची झाडे उठवली, चरखा उठवला. आदिनिवासातल्या गर्दीने गांधीजींच्या प्रकृतीला त्रास होऊ लागला तेव्हा ते मीराबहेनच्या या घरात राहायला आले. घर थोडे वाढवण्यात आले. जगभरचे लोक आज जिला बापू कुटी म्हणून पाहायला येतात, ती हीच. सर्व काही गांधीजींसाठी म्हणून योजलेले पहिले घर मागे पडले आणि मीराबहेनचे घर त्यांचे झाले.

कुटीत बसायला चटई, लिहायला बुटके मेज, कागद उडू नयेत म्हणून दगड. साप मारायचा नाही, पकडून दूर सोडायचा, म्हणून त्यासाठीचा चिमटा आणि पेटी. याच माळावर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात दूरध्वनी आला. मंत्री, परदेशी पत्रकार चिखल तुडवीत किंवा टांग्यातून येत. १९३९ च्या सुमारास संस्कृतचे पंडित आणि येरवड्याच्या तुरुंगातले जुने सोबती परचुरे शास्त्री महारोगाने गांजून तिथे आले. आश्रमात त्यांना ठेवून घ्यावे की नाही, याबद्दल कुजबुज होती. गांधीजींनी आपल्या कुटीजवळच त्यांच्यासाठी झोपडी उभारली आणि त्यांच्या जखमा स्वतः धुतल्या. १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्याचे कारणही मोठे व्यावहारिक होते. गजानन महाराजांच्या शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जात असे.

हे सारे साधेपण जमनालालजींच्या पैशावर उभे होते, अशी टीका तेव्हाही झाली आणि तिच्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा खर्च साध्या घराला सोसणारा नव्हता. पण घराच्या भिंतींवर ती टीका चिकटत नाही. केरळात स्वस्त, देखणी घरे बांधणारे लॉरी बेकर तरुणपणी गांधीजींना भेटले होते. घराचे साहित्य पाच मैलांच्या परिघातले असावे, हे गांधीजींचे म्हणणे त्यांनी आयुष्यभर मापदंड मानले. आधुनिक संस्थांचे कठोर टीकाकार इव्हान इलिच १९७८ मध्ये सेवाग्रामला आले. या कुटीत बसून राहिल्यावर घर आणि नुसता निवारा यांतला फरक त्यांना उमगला, आणि त्यांनी त्यावर भाषण केले.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या अधिवेशनाला गेलेल्या गांधीजींना थेट तुरुंगात नेण्यात आले. आगाखान पॅलेसमध्ये आधी महादेवभाई आणि मग कस्तुरबा गेल्या. १९४४ मध्ये ते एकटेच सेवाग्रामला परतले. जमनालालजी १९४२ च्या फेब्रुवारीतच गेले होते. त्यांनी स्वतःसाठी बांधवलेल्या आणि पुढे आखरी निवास म्हणून ओळखल्या गेलेल्या घरात गांधीजी शेवटच्या काळात राहिले आणि २५ ऑगस्ट १९४६ रोजी तिथूनच दिल्लीला गेले. नंतर नौखाली, बिहार, कलकत्ता, पुन्हा दिल्ली. १९४८ च्या फेब्रुवारीच्या आरंभी सेवाग्रामला यायचे त्यांनी ठरवले होते. ३० जानेवारीने ते होऊ दिले नाही.

मीराबहेन तोवर हिमालयाच्या पायथ्याशी गेल्या होत्या. तिथेही त्या आश्रम उभारीत आणि पुढे सरकत राहिल्या. १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला आणि १९८२ मध्ये व्हिएन्नाजवळ त्यांचे निधन झाले. मातीच्या घराला वरचेवर सारवावे लागते, कौले चाळावी लागतात. सेवाग्राममध्ये ते काम चालू आहे, आणि मीराबहेननी भिंतीत उठवलेली ताडाची झाडे अजून त्या कुटीत दिसतात.