आट्यांना शिस्त लावणारे व्हिटवर्थ

जुन्या ब्रिटिश मोटारीचे इंजिन खोलणाऱ्याची सर जोसेफ व्हिटवर्थ यांच्याशी आजही गाठ पडते. १८०३ मध्ये स्टॉकपोर्ट येथे जन्मलेल्या व्हिटवर्थ यांनी लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांच्याकडे काम केले आणि १८३३ मध्ये मँचेस्टरला स्वतःचा कारखाना थाटला. तेव्हा प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे. बोल्ट तुटला की मूळ कारखान्याशिवाय गत्यंतर नसे. ठिकठिकाणचे बोल्ट गोळा करून, तुलना करून त्यांनी १८४१ मध्ये ५५ अंशांच्या आट्यांचे प्रमाण मांडले. रेल्वे कंपन्यांनी ते स्वीकारले. १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा मोटारयुग नुकते उजाडत होते. तरीही पुढे ब्रिटिश मोटारींत त्यांचेच माप रुजले. तिथे दिसायला सारखा, पण भलत्या मापाचा बोल्ट पान्याने रेटला, तर इंजिनातले आटेच जातात.