र. धों. कर्वे : डोकी मोजण्याआधी बाईचा विचार

१९२१च्या जनगणनेने एक अजब गोष्ट दाखवली. आजच्या भारताच्या भूभागावर १९११मध्ये सुमारे २५.२ कोटी लोक होते; दहा वर्षांनी ते २५.१ कोटी भरले. मधल्या काळात, १९१८मध्ये, इन्फ्लुएंझाची भयंकर साथ येऊन गेली होती. मुले तेव्हाही भरपूर जन्मत होती, पण मरणाचा हात त्याहून मोठा होता. नेमक्या त्याच वर्षी मुंबईत गणिताच्या एका प्राध्यापकाने संततिनियमनाचे केंद्र उघडले. देशातले हे असे पहिले केंद्र. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षी सुरू झाले. माणसे घटत असताना मुले कमी होऊ द्या असे सांगणारे हे प्राध्यापक म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे.

१४ जानेवारी १८८२ रोजी जन्मलेले रघुनाथ हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव. आई राधाबाई गेल्या तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. पुढे वडिलांनी विधवेशी विवाह केला आणि स्त्रीशिक्षणाला आयुष्य वाहिले. मुलाने गणित निवडले, पॅरिसला जाऊन उच्च शिक्षण घेतले आणि परतल्यावर मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवले.

कर्वे डॉक्टर नव्हते, पण त्यांनी ओळखलेला रोग खरा होता. कोवळ्या वयात लग्न आणि पाठोपाठ बाळंतपणे. एका बाळंतपणात खर्च झालेले लोह भरून निघण्याआधीच दुसरे पोट. अशा बाईचे रक्त आधीच कमी. वारंवार ताणलेले गर्भाशय प्रसूतीनंतर नीट आवळत नाही आणि रक्तस्राव थांबत नाही. तेव्हा रक्तपेढ्या नव्हत्या, प्रतिजैविके नव्हती. नवे बाळ आले की आधीच्याचे दूध तुटायचे आणि ते हगवणीने दगावायचे. म्हणून कर्व्यांचा मुख्य भर देशाच्या डोक्यांवर नव्हता. मूल हवे की नको, केव्हा आणि किती, हे बाईला ठरवता यावे, यावर होता.

याची किंमत त्यांनी मोजली. मिशनरी कॉलेजला हा प्रचार मानवला नाही. १९२५मध्ये त्यांनी नोकरी सोडली, काम सोडले नाही. जुलै १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि लैंगिक आरोग्यावर उघडपणे लिहून ते मरेपर्यंत चालवले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावे लागले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तरीही निकाल विरुद्ध गेला. पत्नी मालतीबाई या सगळ्यात सोबत होत्या. मूल होऊ द्यायचे नाही असे दोघांनी ठरवले, तेव्हा शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली.

१९२१नंतर साथी आणि दुष्काळ आटोक्यात येऊ लागले. मृत्यू कमी झाले, जन्म तेवढेच राहिले. १९५१मध्ये लोकसंख्या ३६.१ कोटींवर पोहोचली. १९५२मध्ये सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. सरकारी पातळीवर असे करणारा भारत जगातला पहिला देश. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, कर्वे गेले.

त्यांची साधने सरकारने उचलली, पण क्रम बदलला. आधी आकडा, मग माणूस. आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीने त्याचे टोक गाठले. त्या धास्तीतून पुरुष शस्त्रक्रियेपासून दूर गेले ते अजून परतलेले नाहीत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतली होती. नवऱ्याने करून घेतल्याचे प्रमाण अवघे ०.३ टक्के.

त्याच पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो साधारण २.१ लागतो. शाळांचे वर्ग रिकामे होणे, म्हाताऱ्या आईवडिलांचा भार एकाच मुलावर पडणे, हे प्रश्न त्यातून येतात आणि ते खरे आहेत. आता काही जण जास्त मुलांचा आग्रह धरू लागले आहेत. पण संख्या वाढवायची असो वा घटवायची, गर्भ वाढतो तो एका बाईच्या शरीरात. लोकसंख्या घटलेली असताना काम सुरू केलेल्या कर्व्यांची भूमिका म्हणूनच आजही जुनी झालेली नाही.

त्यांनी स्वतःवर करून घेतलेली शस्त्रक्रिया आता बरीच सोपी झाली आहे. बिनटाका पुरुष नसबंदी काही मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी जाता येते. पौरुष कमी होत नाही, अशक्तपणा येत नाही. फक्त पुढचे तीन महिने दुसरे साधन वापरायचे आणि वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत याची खात्री करून घ्यायची. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते. पुरुषाच्या शस्त्रक्रियेत ते लागत नाही. दोघांनी मिळून ठरवताना एवढे माहीत असावे.