वालातला अडसर शोधणाऱ्या कमला सोहोनी

वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि मऊ शिजवायचे. बदलापूर-कर्जत पट्ट्यातील घरांत ही रीत जुनी आहे. तिच्यामागचे रसायनशास्त्र उलगडणाऱ्यांत एक मराठी नाव ठळक आहे: डॉ. कमला सोहोनी.

माहेरच्या त्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी मिळवूनही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना प्रवेश मिळेना. त्या स्त्री आहेत म्हणून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला होता. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहून मगच मान्यता, या अटीवर दार उघडले. तेथे श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांचे काम पाहून संस्थेने इतर मुलींनाही प्रवेश दिला.

पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ आढळले. पेशींच्या श्वसनाला हे द्रव्य आवश्यक असते. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवून त्या मायदेशी परतल्या. दिल्ली आणि कुन्नूरनंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्र विभाग नावारूपाला आणला.

येथे पुन्हा कडधान्ये हाती आली. बीच्या दोन दलांत प्रथिनांचा मुख्य साठा असतो. पण त्यांतलीच काही प्रथिने पचनात अडथळा आणतात. स्वादुपिंडातून येणारे ‘ट्रिप्सिन’ हे विकर ती अडवून धरतात. ती शोधायची तर दाणे दळून अर्क काढायचा, त्यातील प्रथिने टप्प्याटप्प्याने वेगळी करायची आणि प्रत्येक अंशामुळे ट्रिप्सिनचे काम किती मंदावते ते मोजायचे. वाल आणि डबल बी यांतील अशी प्रथिने शुद्ध स्फटिकरूपात मिळवल्याचे सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९५५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

ताडाच्या नीरेतील पोषणमूल्यांवरील संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या. निवृत्तीनंतर भेसळीविरुद्ध ग्राहकांना जागे करण्याचे कामही त्यांनी केले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

कडधान्य हे गरिबाचे प्रथिन. ते पोटात जाऊन अंगी लागले पाहिजे. भिजवणे, मोड आणणे आणि नीट शिजवणे यांनी हा अडसर बराच कमी होतो. म्हणून वाल कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाऊ नयेत.