बाबासाहेबांचा प्राचीन इतिहास आणि आपल्या डोंगरातली लेणी



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी परमपूज्य बाबासाहेबांच्या जीवनावर चार शब्द लिहा, असं समितीने आम्हाला सांगितलं. महाडचं तळं, येवल्याची घोषणा, राज्यघटना, नागपूरची धम्मदीक्षा हे सगळं आपली लहान पोरंसुद्धा घडाघडा सांगतात. म्हणून आम्ही एकच बाजू मांडतो. बाबासाहेब हे प्राचीन इतिहासाचे विद्यार्थी होते, ही ती बाजू.

याला कारण घडलं. आपल्या वस्तीतल्या एका मुलीने बी.ए. झाल्यावर प्राचीन इतिहासात एम.ए. करायचं मनात आणलं. घरात वाद झाला. मेलेल्या राजांची नावं पाठ करून पोट भरतं का, असं मोठी माणसं म्हणाली. त्यांत आम्हीही होतो. नर्सिंग कर, डी.एड. कर, लवकर नोकरी लागेल, असा सल्ला आम्हीच तिला दिला. मग घरी येऊन बाबासाहेबांचं चरित्र पुन्हा वाचायला काढलं आणि आमची मान खाली गेली.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांच्या पोटी भीमराव जन्मले. मुंबईला परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढले. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचं होतं, पण अस्पृश्य म्हणून ते नाकारलं गेलं आणि फारसी घ्यावी लागली. जुन्या ग्रंथांचं दार असं लहानपणीच त्यांच्या तोंडावर बंद झालं. १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्यांना भेट दिलं. एक दार बंद झालं होतं, पण त्या पुस्तकाने दुसरं किलकिलं झालं.

बी.ए. झाले आणि १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. घरात कर्ता पुरुष गेलेला, संसार अंगावर. अशा वेळी कोणीही मिळेल ती नोकरी धरली असती. पण सयाजीराव महाराज गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले, त्याबरोबर इतिहासाचे ११ घेतले. शिवाय समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान होतंच. दिवस दिवस ग्रंथालयात बसून, पोटाला चिमटा घेऊन त्यांनी हे केलं. १९१५ साली ते एम.ए. झाले. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन भारतीय व्यापार. पुढच्याच वर्षी ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींची उत्पत्ती कशी झाली यावर निबंध वाचला. तेव्हा त्यांचं वय पंचवीस होतं.

आता हा प्राचीन व्यापार म्हणजे काय, हे जुन्नर-आंबेगावच्या माणसाला न्यूयॉर्कला जाऊन शिकायची गरज नाही. तो आपल्या उशाशी आहे. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येत असे. घाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि वर दगडी रांजण आहे. तो जकातीचा, असं आपण परंपरेने ऐकत आलो. या व्यापारावर जुन्नरच्या भोवती लेणी उभी राहिली. लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी, तुळजा मिळून दोनशेहून अधिक खोदकामं आहेत. ती दान देऊन कोणी कोरवली, हे भिंतींवर लिहून ठेवलं आहे. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या एका हेरणिकाच्या, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार करणाऱ्याच्या मुलाने दिलं. त्याचं नाव सुलसदत्त. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे धर्मासाठी पैसा ठेवलेला होता. यवन दात्यांचीही नावं आहेत. आम्ही शंभर वेळा त्या पायऱ्या चढलो, पण वर बघून ती अक्षरं काय म्हणतात हे कधी विचारलं नाही.

आम्ही गिरणीत उमेदीची वर्षं घालवली, म्हणून आणखी एक गोष्ट आम्हाला फार लागते. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. भिक्खूंच्या चीवरांसाठी २००० कार्षापणं त्याने विणकरांच्या श्रेणीकडे ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजाने. म्हणजे संघाच्या चीवराचा पैसा विणकराच्या हाती विश्वासाने दिला जात होता. आणि मुंबईच्या गिरण्यांत काय चाललं होतं? साळखात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला मज्जाव. कारण कांडी बदलताना धागा तोंडाला लावावा लागे आणि त्याने म्हणे बाट लागे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. जुना काळ ज्याला ठाऊक आहे त्याला हे कायमचंच असं होतं, हे पटवता येत नाही. इतिहासाचा उपयोग तो हाच.

बाबासाहेबांनी हा अभ्यास पदवीपुरता केला नाही. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचं सामान असलेलं जहाज बुडालं, बडोद्याला राहायला जागा मिळाली नाही, तरी पुस्तक सुटलं नाही. संस्कृत स्वतः शिकले, पुढे पाली शिकले, पालीचा शब्दकोश तयार करायला घेतला. १९४६ साली शूद्र पूर्वी कोण होते यावर आणि १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण यावर ग्रंथ लिहिले. अस्पृश्यता ही अनादि नाही, ती इसवी सन ४०० च्या सुमारास आली आणि आपले पूर्वज बौद्ध होते, असा सिद्धांत त्यांनी मांडला. पंडित त्यावर आजही वाद घालतात, घालू द्यावा. पण ज्याला सुरुवात आहे त्याला शेवट करता येतो, हे बळ त्यातून आपल्याला मिळालं. २५ डिसेंबर १९५४ रोजी आपल्याच जिल्ह्यात देहूरोडला त्यांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा दिली. ६ डिसेंबरला ते गेले. बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ ला निघाला. केळुसकर गुरुजींच्या पुस्तकापासून सुरू झालेली वाट तिथे पोचली.

म्हणून आम्ही त्या मुलीच्या घरी पुन्हा गेलो. आमचा सल्ला चुकला होता, असं तिच्या वडिलांसमोर सांगितलं. नोकरीची काळजी खोटी नाही, ती आम्हालाही आहे. पण पुण्यात डेक्कन कॉलेजात हा विषय शिकवतात, विद्यापीठात पाली शिकवतात. तिथल्या बाकावर आपली लेक बसली पाहिजे. ती यंदा अर्ज करते आहे. तिच्या पुस्तकांचा आणि एस.टी.च्या पासाचा खर्च वस्तीने मिळून उचलावा, अशी आमची विनंती आहे.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला आपण सगळे लेण्याद्रीला जाऊ. त्या दिवशी भिंतीवरचं नाव तिने वाचावं आणि आपण ऐकावं.

नमो बुद्धाय! जयभीम!