चेतापेशीच्या वाढीचा वेध घेणारे सान्तियागो रामोन इ काहाल

मेंदू हे अखंड जाळे नसून स्वतंत्र पेशींचा समुदाय आहे, हे सप्रमाण मांडणारे स्पॅनिश शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल आधुनिक मेंदूविज्ञानाचे एक जनक मानले जातात. चेतापेशींच्या वाढीत प्रथिनांची भूमिका शोधणाऱ्या आजच्या संशोधनाची मुळे त्यांच्या निरीक्षणांत आहेत.

स्पेनमधील पेतीया दे आरागोन या खेड्यात १ मे १८५२ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांना चित्रकार व्हायचे होते. मात्र शल्यचिकित्सक असलेल्या वडिलांच्या आग्रहामुळे ते वैद्यकशास्त्राकडे वळले. १८७३ मध्ये पदवी घेतल्यावर लष्करी डॉक्टर म्हणून ते क्यूबाला गेले आणि हिवतापाने जर्जर होऊन मायदेशी परतले.

इटलीचे कामिलो गोल्जी यांनी १८७३ मध्ये शोधलेल्या, चांदीच्या क्षारांनी पेशी रंगविण्याच्या पद्धतीशी काहाल यांचा परिचय १८८७ मध्ये झाला. तिच्यात सुधारणा करून त्यांनी पक्ष्यांचा लहान मेंदू तपासला. पेशींचे तंतू परस्परांच्या अगदी जवळ येतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत, असे त्यांना आढळले. १८८८ मध्ये स्वखर्चाने काढलेल्या नियतकालिकात त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. तेव्हा १८८९ मध्ये ते स्वतः बर्लिनच्या परिषदेत गेले. तेथे सूक्ष्मदर्शकाखालील नमुने पाहून ज्येष्ठ शास्त्रज्ञ आल्बर्ट फॉन कोलिकर यांची खात्री पटली.

१८९० मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या मेरुरज्जूत, वाढत्या तंतूच्या टोकाशी असलेला वृद्धिशंकू त्यांनी ओळखला. रासायनिक संकेत त्याला दिशा दाखवत असावेत, असा तर्क त्यांनी पुढे मांडला. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढील व्याख्यानात, मानसिक सरावाने पेशींमधील जोडण्या वाढत असाव्यात, असेही त्यांनी सुचविले.

१९०६ चे नोबेल पारितोषिक काहाल व गोल्जी यांना विभागून मिळाले. त्या समारंभातील व्याख्यानातही गोल्जी यांनी जाळ्याच्याच सिद्धांताची बाजू मांडली. पेशींमधील फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्पष्ट दिसली ती १९५० च्या दशकात. ते पाहण्यास काहाल नव्हते. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये त्यांचे निधन झाले होते.

त्यांचा रासायनिक संकेतांचा तर्कही पुढे खरा ठरला. १९९४ मध्ये नेट्रिन ही दिशादर्शक प्रथिने वेगळी करण्यात आली. अशी प्रथिने वृद्धिशंकूवरील ग्राही प्रथिनांना जोडली जातात. त्यामुळे पेशीतील अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे धागे कोठे बांधले जातात, तर कोठे विरघळतात, आणि तंतू वळतो. शिकताना पेशींवरील सूक्ष्म काट्यांचा आकार बदलतो, त्यातही अ‍ॅक्टिनचा वाटा असतो. हे काटेही काहाल यांनीच १८८८ मध्ये नोंदविले होते.

प्रौढ मेंदू व मेरुरज्जूतील तुटलेले तंतू सहसा पुन्हा जुळत नाहीत, हेही त्यांनी दाखविले होते. ही वाढ रोखणाऱ्या प्रथिनांचा शोध लागला असला, तरी त्यावर मात करण्याचे प्रयत्न अद्याप सुरू आहेत.