गॅसबत्तीचा शोध

वडसा म्हणजे देसाईगंज हे झाडीपट्टीच्या नाटकांसाठी प्रसिद्ध गाव आहे. आज रंगमंचावर विजेचे दिवे असतात. पण खेड्यापाड्यांत वीज नव्हती, तेव्हा लग्ने आणि रात्रीचे कार्यक्रम गॅसबत्तीच्या उजेडात होत. या बत्तीत कापडी जाळीची एक लहान पिशवी असे. तिला मेंटल म्हणतात. ही जाळी कोणी शोधली, हे तुम्हांला माहीत आहे का? तिचे जनक होते कार्ल आउअर फॉन वेल्सबाख.

कार्ल यांचा जन्म १ सप्टेंबर १८५८ रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात झाला. त्यांचे वडील सरकारी छापखान्याचे प्रमुख होते. कार्ल दहा वर्षांचे असताना वडील वारले. पुढे कार्ल जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गेले. तेथे थोर रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन त्यांचे गुरू होते. दुर्मिळ मृदा नावाच्या मूलद्रव्यांची त्यांना तेथेच गोडी लागली.

ही मूलद्रव्ये एकमेकांसारखी असतात. त्यांना वेगळे करणे फार कठीण असते. डिडिमियम हे एकच मूलद्रव्य आहे, असे तेव्हा मानत. कार्ल यांनी त्याच्या क्षारांचे पुन्हा पुन्हा स्फटिक केले. १८८५ साली त्यांतून दोन मूलद्रव्ये निघाली. एकाचे क्षार हिरवे, दुसऱ्याचे गुलाबी. तीच प्रेसिओडिमियम आणि निओडिमियम.

त्याच वर्षी त्यांनी पहिली जाळी तयार केली. पण तिचा उजेड हिरवट होता आणि ती लवकर तुटे. लोकांनी ती घेतली नाही. १८८९ साली कारखाना बंद पडला. दुसरा कोणी असता, तर निराश झाला असता. कार्ल मात्र प्रयोग करीत राहिले. शेवटी थोरियम ९९ भाग आणि सेरियम १ भाग हे प्रमाण त्यांना सापडले. या क्षारांच्या द्रावणात सुती जाळी भिजवून वाळवतात. पेटवल्यावर सूत जळून जाते, पण ऑक्साइडची नाजूक जाळी उरते. ज्योतीत तापली, की ती पांढरी लखलखते. १८९१ साली ही जाळी व्हिएन्नात विक्रीला आली आणि जगभर पोहोचली.

१९०३ साली त्यांनी सेरियम व लोखंड यांचा मिश्रधातू शोधला. घासताच ठिणगी देणारा लायटरमधला खडा त्याचाच असतो. ४ ऑगस्ट १९२९ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या देशात केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत ही मूलद्रव्ये मिळतात. त्यांसाठी १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली. आज शास्त्रज्ञ युरोपियम व टर्बियम यांना कार्बनी रेणूंची जोड देतात. हे रेणू अदृश्य अतिनील किरण शोषून घेतात आणि ती ऊर्जा धातूला देतात. मग युरोपियम लाल आणि टर्बियम हिरवा प्रकाश देते. त्यासाठी जाळी तापवावी लागत नाही.

मित्रांनो, बंद पडलेल्या कारखान्यापाशी कार्ल थांबले असते, तर कितीतरी गावांच्या रात्री अंधारातच राहिल्या असत्या. तुमचा एखादा प्रयोग फसला, तर तो का फसला हे आधी शोधा. पुढची वाट तेथूनच सापडते.